धैंचा म्हणून आपण नेमकं काय गाडतो?

प्रश्न : ताई, नदीकाठची आमची दीड एकर काळी जमीन गेल्या दहा-बारा वर्षांत पांढरी पडत चालली आहे. यंदा आडसाली उसाच्या आधी हिरवळीचं खत म्हणून गाडायला धैंचा केला. एकाच पोत्यातलं बी, पण उगवून आल्यावर काही झाडांना काटे आहेत, काहींना नाहीत. शेजारी म्हणतो बिनकाट्याची ती शेवरी आहे, उपटून टाक. दुसरा म्हणतो खोडावर गाठी येतात तोच खरा धैंचा. नेमकं काय समजायचं, आणि गाडायचं कधी?
— एक शेतकरी, शिरोळ तालुका

उत्तर : दादा, आधी एक सांगते, काही उपटू नका. तुमच्या रानात जे उगवलंय ते सगळं गाडण्याजोगं आहे.

तुमचा प्रश्न वाचून मला बरं वाटलं, कारण गाडायच्या आधी झाडाकडे बघणारी माणसं फार थोडी भेटतात. आपण 'धैंचा' हा एक शब्द वापरतो आणि त्यात किमान दोन झाडं येतात. दोन्ही सेस्बेनिया या कुळीतली. काटेवाली ती सेस्बेनिया बायस्पायनोसा. तिचं जुनं नाव अॅक्युलिआटा, म्हणजेच काटेरी, आणि जुन्या शेतीपुस्तकांत तेच नाव भेटतं. बिनकाट्याची ती सेस्बेनिया कॅनाबिना, म्हणजे भांगेच्या झाडासारखी दिसणारी. बाजारात बी एकत्रच येतं, कारण बी बघून दोघींतला फरक भल्याभल्यांना सांगता येत नाही. मीही एका दुकानातून 'शुद्ध धैंचा' म्हणून पाच किलो आणला होता. त्यात दोन्ही निघाले आणि वर थोडं तणाचं बी. तेव्हापासून बी हातावर घेऊन चाळून बघितल्याशिवाय मी पोतं उचलत नाही.

काटे बघायचे तर नुसत्या खोडाकडे बघू नका. एक पान तोडा. देठापासून टोकापर्यंत जो मधला दांडा जातो, ज्याच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक पर्णिका असतात, तो दांडा बोटांच्या चिमटीत धरा आणि टोकाकडून बुडाकडे ओढा. बायस्पायनोसा असेल तर बारीक, मऊसर टोचणी लागते. बाभळीच्या काट्यासारखं रक्त निघत नाही, पण लुगड्याचा काठ नाहीतर सदऱ्याची बाही अडकते. कॅनाबिनाचा दांडा गुळगुळीत सरकतो. ही खूण पक्की. उंची, रंग, पानांची गर्दी या खुणांवर विसंबू नका, त्या पाण्यावर आणि पेरणीच्या दाटीवर बदलतात.

आता शेवरी. शेवरी म्हणजे सेस्बेनिया सेस्बान, धैंच्याची सख्खी बहीण, पण स्वभाव वेगळा. आमच्या मिरज भागातल्या पानमळ्यांत पानवेल चढवायला शेवरी, शेवगा, पांगारा, हादगा लावतात. माझ्या आजोबांचाही पानमळा होता. शेवरी वर्ष-दोन वर्षं, कधी जास्तही टिकते आणि तिचं खोड लाकूड धरतं. धैंचा एका हंगामाचा, फुलून शेंगा धरून वाळून जातो. कोवळ्यात ओळखायचं तर शेवरीची नवी फांदी बोटाला किंचित लवदार लागते, आणि दीड महिन्याच्या वयात ती माझ्याकडे तरी धैंच्याच्या मागे राहिली. धैंच्याची सगळी घाई पहिल्या पन्नास दिवसांत असते. शेवरीला घाई नाही, तिला पुढं जगायचं असतं. तुमची बिनकाट्याची झाडं काटेवाल्यांच्या बरोबरीनं उंच गेली असतील तर ती शेवरी नव्हे, कॅनाबिनाच.

खोडावरच्या गाठींचं झाड तिसरंच. त्याबद्दल खाली कुडाळच्या वाचकांना लिहिलंय, ते वाचा. तुमच्या धैंच्याच्या गाठी मुळांवर असतात. एक झाड ओलीत, खुरप्यानं बाजूची माती सोडवून हळू उपटा, पाण्यात मुळं हलवून धुवा. बाजरीपासून हरभऱ्याएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर ती कामाला लागलेली आहे, हवेतलं नत्र झाडाला देते आहे. आत पांढरी असेल तर अजून तयार नाही किंवा जिवाणूच कामाचे नाहीत. हिरवट-करडी असेल तर तिचं काम संपलं. हा लाल रंग आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याच्या नात्यातलाच आहे. गाठीतल्या जिवाणूंना प्राणवायू मोजून-मापून पोचवायचं काम तो करतो. पहिल्यांदा मी गाठ फोडून बघितली तेव्हा मी पन्नाशीच्या पुढं होते. तीस वर्षं वर्गात फळ्यावर गाठीचं चित्र काढून शिकवलं, पण स्वतःच्या वाफ्यातली गाठ नखाखाली लाल झालेली बघण्याची गोष्ट वेगळी.

तुमच्या जमिनीबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. 'धैंचा मीठ ओढून घेतो' असं गावोगाव ऐकते. तसं होत नाही. झाडात जेवढे क्षार जातात तेवढे गाडल्यावर परत मातीतच येतात. धैंचा वेगळ्या वाटेनं उपयोगी पडतो. एक तर पाणी साचलं, जमीन आवळली, तरी तो जगतो. खोडाचा पाण्यात बुडालेला भाग भेंडासारखा पांढरा, हलका, फुगीर होतो. त्यातून हवा खाली मुळांकडे जाते. पाणी साचलेल्या कोपऱ्यातलं झाड उपटून बघा, बुडाशी हा पांढरा फुगवटा आणि नवी मुळं फुटलेली दिसतील. ताग तिथं चार दिवसांत पिवळा पडतो. दुसरं, मुळांच्या श्वासातून आणि कुजणाऱ्या पाल्यातून कर्बवायू आणि सेंद्रिय आम्लं सुटतात. आपल्या काळ्या रानात चुनखडी असतेच, ती त्यात थोडी थोडी विरघळते, तिच्यातलं कॅल्शियम मोकळं होतं आणि मातीच्या कणाला चिकटलेल्या सोडियमला बाजूला सारतं. पण बाजूला सारलेलं सोडियम पाण्याबरोबर रानाबाहेर गेलं पाहिजे. निचऱ्याचा चर नसेल तर ते तिथंच फिरत राहतं.

म्हणून आधी माती तपासा. ती क्षारयुक्त आहे का चोपण आहे, हे कळल्याशिवाय पैसा घालू नका. नुसती क्षारयुक्त असेल तर निचरा आणि चांगल्या पाण्यानं धुणं यावर भागतं, जिप्समची, म्हणजे कॅल्शियम देणाऱ्या खनिजाची, गरज पडत नाही. चोपण असेल, म्हणजे सामू (पीएच) साडेआठच्या पुढं आणि सोडियम जास्त, तर जिप्सम लागतं. किती लागतं ते माती परीक्षणाच्या अहवालावरून ठरवतात. जिप्सम, निचरा आणि धैंचा ही तिन्ही एकत्र आली की रान वळायला लागतं. हरियाणातल्या कर्नालला १९६९ साली केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था निघाली. उत्तरेकडच्या उसर, म्हणजे क्षारांनी नापीक झालेल्या, जमिनी लागवडीखाली आणताना जिप्समनंतर भात आणि धैंचा घेण्याची वाट तिथूनच पक्की झाली.

आणि गाडायचं कधी? पेरल्यापासून ४५ ते ५० दिवसांत, कळ्या दिसायला लागल्या की. त्याच्यापुढं एक आठवडासुद्धा थांबू नका. हे मी स्वतःच्या नुकसानीवरून सांगते. एका वर्षी पाऊस लागून राहिला, रोटावेटर मिळाला नाही आणि माझा धैंचा पंचाहत्तर दिवसांचा झाला. लोक बघायला येत होते, डोक्यावर दोन हात गेला होता. गाडताना खोडाच्या साली दोरासारख्या दात्यांना गुंडाळल्या, ट्रॅक्टरवाला दर दहा मिनिटांनी उतरून कोयत्यानं कापत होता. त्यानंतर लावलेला ऊस महिनाभर पिवळा होता. कारण साधं आहे. कोवळा पाला नत्रानं भरलेला, तो आठ-पंधरा दिवसांत कुजतो आणि नत्र सोडतो. निबर खोडात कर्ब जास्त, नत्र कमी. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःसाठी नत्र लागतं, ते मातीतलं ओढतात आणि तेवढा काळ पीक उपाशी राहतं. उंच झाड म्हणजे जास्त खत, हा माझा समज त्या वर्षी गेला. पाल्याचं वजन बघायचं, काठीची उंची नव्हे.

किती मिळालं ते तुमचं तुम्ही मोजू शकता. रानात तीन-चार ठिकाणी एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखा, त्यातली झाडं जमिनीलगत कापा, तिथंच वजन करा आणि सरासरी काढा. समजा दोन किलो भरलं, तर एकराला साधारण आठ टन. ओल्या धैंच्यात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर असतं. ०.४५ टक्के धरलं तर ३६ किलो नत्र, म्हणजे ४५ किलोच्या पावणेदोन पोती युरियाएवढं. त्यातलं सगळं हवेतून आलेलं नसतं, थोडं जमिनीतूनच उचललेलं असतं. आणि सगळं उसाच्या तोंडात पडत नाही. पण तुमच्या रानाला नत्रापेक्षा तो आठ टन पाला जास्त हवा आहे. मातीत हवा खेळेल ती त्यानंच. गाडल्यावर लागणीला दोन-अडीच आठवडे जाऊ द्या.

प्रश्न : नमस्कार. आमची भाताची खाचरं आहेत, पावसाळ्यात पाणी तुंबून राहतं. खोडावर गाठी येणारा आफ्रिकन धैंचा भाताला फार चांगला असं कळलं. तो कोकणात घ्यावा का? पावसाआधी की भात कापल्यावर?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : हे झाड म्हणजे सेस्बेनिया रोस्ट्राटा. रोस्ट्राटा म्हणजे चोचवाली, शेंगेच्या टोकाला लांब चोच असते म्हणून. मूळचं आफ्रिकेतलं, पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या सखल जागांवरचं. ड्रेफस आणि दोमर्ग या शास्त्रज्ञांनी सेनेगलमध्ये काम करून १९८१ साली त्याच्या खोडावरच्या गाठींबद्दल लिहिलं, आणि भातावर काम करणाऱ्या सगळ्यांच्या नजरा तिकडं वळल्या. पाणी तुंबलेल्या खाचरात मुळांवरच्या गाठींना हवा मिळत नाही, त्यांचं काम मंदावतं. इथं गाठी पाण्याच्या वर, खोडावर.

माझ्याकडे याचं मूठभर बी कुंभकोणमकडच्या भाताच्या रानातून एका ओळखीच्या माणसानं आणून दिलं. पहिल्या वर्षी मी रोज सकाळी खोड बघायची. बुडापासून शेंड्यापर्यंत उभ्या ओळीत बारीक ठिपके होते, जणू कुणी सुईनं टोचून ठेवलेत. बोट फिरवलं की खरखरीत लागायचे. पण गाठ एकही नाही. ते ठिपके म्हणजे झोपलेली मुळं. खोड पाण्यात गेलं की त्यातून मुळं फुटतात. या झाडाचा जिवाणूही खास आहे, अॅझोरायझोबियम कॉलिनोडान्स. तो ठिपक्याशी साल जिथं किंचित उकललेली असते त्या फटीतून आत शिरतो. आमच्या मातीत तो नव्हता, मग गाठी येणार कुठून?

दुसऱ्या वर्षी त्याच माणसानं ओल्या फडक्यात गुंडाळून गाठींसकट खोडाचे तुकडे पाठवले. मी दहा-बारा गाठी खलबत्त्यात ठेचल्या, तांब्याभर पाण्यात कालवल्या, फडक्यातून गाळल्या आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर रंगाच्या ब्रशनं खोडांना लावल्या. एका ओळीला लावलं, शेजारची तशीच ठेवली. आठव्या दिवशी लावलेल्या ओळीतल्या ठिपक्यांना टोपण आल्यासारखं दिसायला लागलं. तीन आठवड्यांत खोडाला उभ्या माळा. दाढीच्या पात्यानं एक गाठ मधोमध कापली, तर बाहेरून पोपटी-हिरवी कड आणि आत डाळिंबाच्या दाण्याचा रंग. ती हिरवी कड खरोखरची हिरवी असते, पानासारखीच. तिच्यात हरितद्रव्य असतं. मुळावरच्या गाठीत हे नसतं. न लावलेल्या ओळीची पानं फिकट राहिली, लावलेली गर्द. गल्लीतली पोरंसुद्धा दुरून दोन ओळींतला फरक दाखवायची.

म्हणजे झाड गुणाचं आहे, यात शंका नाही. पण तुमच्याकडे बसेल का, ते त्याच्या दुसऱ्या एका गुणावर ठरतं. रोस्ट्राटा दिवसाच्या लांबीला फार हळवा आहे. दिवस लहान व्हायला लागले की तो वाढायचं सोडून फुलायला लागतो. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरलेला छातीच्या वर गेला तरी कळी नव्हती. तेच बी मी सप्टेंबरअखेर टाकून बघितलं, तर गुडघ्याच्या वर जेमतेम गेला आणि फुलला. पाला काहीच नाही. म्हणून भात कापल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरायचा विचार सोडून द्या. तुमचं बी, पाणी आणि कष्ट तिन्ही वाया जातील.

राहिला पावसाआधीचा काळ. कोकणात अडचण अशी की तरवा, म्हणजे भाताची रोपं, जूनमध्ये टाकतात आणि लावणी जुलैत. पहिल्या पावसावर पेरलं तर लावणीच्या वेळी झाड महिन्या-सव्वा महिन्याचं असतं, पुरतं भरलेलं नसतं. मे महिन्याच्या मध्यावर पेरायला पाणी हवं, शिवाय मोकळी सोडलेली गुरं आहेत. कोवळा धैंचा गुरं मिटक्या मारत खातात. विहिरीचं पाणी आणि कुंपण असेल तर एका खाचरात नक्की करून बघा. नसेल तर मनाला लावून घेऊ नका. बांधावर गिरिपुष्प लावा, त्याच्या कोवळ्या फांद्या चिखलणीच्या वेळी तुडवून गाडा. खाचरात दीड महिना अडकवून न ठेवता पाला मिळतो, आणि तुमच्या डोंगरउतारावर ते झाड उन्हाळा काढतं. नवं आणि लांबून आलेलं म्हणून रोस्ट्राटाच्या मागे धावावं असं मला वाटत नाही, जिथं पाणी मेपासून आहे तिथं मात्र त्याच्या तोडीचं दुसरं मला माहीत नाही.

पेरायचंच ठरवलं तर बियाचं कवच कडक असतं हे लक्षात ठेवा. पाणी उकळून चुलीवरून खाली उतरवा, बी फडक्यात बांधून त्यात मिनिटभर बुडवा, लगेच गार पाण्यात टाका आणि रात्रभर भिजू द्या. सकाळी फुगलेलं बी वेगळं काढा. तसंच कोरडं टाकलं तर निम्मं बी महिन्यानं उगवतं आणि एका वयाचं पीक मिळत नाही. प्रयोगशाळेत यासाठी तीव्र आम्ल वापरतात. घरी कुणीही त्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न : काकू, आमच्या परसात हादग्याचं झाड आहे. धैंचा आणि हादगा एकाच कुळीचे असं कुठंतरी वाचलं. मग हादग्याच्या फांद्या छाटून कुंड्यांना आणि भाजीच्या वाफ्यांना घातल्या तर चालेल का? आम्ही त्याची फुलं भोंडल्याला आणि भाजीला वापरतो.
— एक वाचक, सातारा

उत्तर : चालेल, पण जपून. हादगा म्हणजे सेस्बेनिया ग्रँडिफ्लोरा, मोठ्या फुलांचा. धैंच्याचं फूल नखाएवढं, पिवळं, त्यावर तांबूस-जांभळे ठिपके. हादग्याचं फूल बोटभर लांब, पांढरं नाहीतर लाल. दोन्ही शेजारी ठेवा आणि पाकळ्यांची रचना बघा, वर एक उभी पाकळी, बाजूला दोन, खाली होडीसारखी जोडलेली दोन. नातं तिथं लगेच दिसतं. संध्याकाळी दोघींच्या पर्णिका मिटतात, तेही एकसारखंच.

पाला कुजायला सोपा आणि नत्राचा, तो खुशाल घाला. पण या झाडाला छाटणी सोसत नाही. शेवरी छाटली तरी पुन्हा फुटते, वर्षातून अनेकदा पाला देते. हादगा सारखा सारखा तोडला की खचतो. लाकूडही ठिसूळ असतं. म्हणून एका वेळी चौथा हिस्सा फांद्यांपेक्षा जास्त काढू नका, आणि हस्त नक्षत्राच्या आधी तर हात लावूच नका, नाहीतर पाटावर हत्ती काढून मुली फेर धरतील आणि वाहायला फूल नसेल. भाजी करताना फुलाच्या आतला केसराचा दांडा काढून टाकत असालच, कडवटपणा त्यातच असतो.

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी सेस्बेनियाच्या चार जातींची तुलना करायची आहे. आमच्याकडे कॉलेजच्या मागे थोडी जागा आहे. कोणते गुण मोजू? पुस्तकात खूप मोठी यादी आहे आणि वेळ एकच सत्र.
— एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : बाळ, यादी मोठी असली की सगळं अर्धवट मोजलं जातं. मी माझ्या दोन गुंठ्यांत तीन पावसाळे धैंचा, रोस्ट्राटा, शेवरी आणि हादगा शेजारी शेजारी लावून बघितले. पहिल्या वर्षीची माझी वही आता उघडते तेव्हा वाईट वाटतं. उंची रोज लिहिलेली आहे आणि पाल्याचं वजन एकदाही नाही.

तू असं कर. प्रत्येक जातीचे तीन तरी वाफे घे, आणि ते ओळीनं न लावता चिठ्ठ्या टाकून कुठला कुठं येईल ते ठरव. माझी सगळी रोस्ट्राटा पाटाच्या कडेला होती. तिला पाणी जास्त मिळालं आणि ती उंच झाली, हे मला पुढच्या वर्षी कळलं. अंतर सगळ्यांना सारखं ठेव, पेरणी एकाच दिवशी. बियांना उष्णोदकाची प्रक्रिया वर सांगितली तशी सगळ्यांना दे, नाहीतर उगवणीतला फरक कवचाचा का जातीचा ते सांगता येणार नाही.

मग तिसाव्या, पंचेचाळिसाव्या आणि साठाव्या दिवशी प्रत्येक वाफ्यातली पाच झाडं काढ. कडेची ओळ सोडून आतली घे, कडेच्या झाडांना ऊन जास्त मिळतं. उंची आणि बुडाचा घेर मोज, पण मुख्य काम पुढं आहे. पान आणि कोवळा शेंडा एकीकडे, खोड एकीकडे, दोन्हींचं ओलं वजन कर, मग कागदी पिशवीत घालून ओव्हनमध्ये ७० अंशांना वजन स्थिर होईपर्यंत वाळव आणि पुन्हा वजन कर. पाला किती आणि काठी किती हे प्रमाण तिसाव्या ते साठाव्या दिवसात कसं पालटतं, हा तुझ्या प्रकल्पाचा जीव आहे. चौघींतला खरा फरक तिथं दिसतो. हादगा साठाव्या दिवशी उंचीत सगळ्यांत पुढं नसेल, पण त्याचं खोड लाकूड व्हायला लागलेलं असेल. धैंच्याचा पाला सगळ्यात आधी जास्तीत जास्त होऊन थांबलेला असेल.

गाठी मोजताना मुळं ओढून काढू नको, अर्ध्या गाठी मातीत राहतात. माती भिजवून, टोपलंभर गोळा उचलून, बादलीत विरघळव. संख्येपेक्षा आतून लाल किती, पांढऱ्या किती हे लिही. रोस्ट्राटाच्या खोडावरच्या वेगळ्या मोज. जिवाणू लावलेली आणि न लावलेली अशी रोस्ट्राटाची दोन गटं करता आली तर फारच उत्तम.

पर्णिकांच्या जोड्या मोजायच्या असतील तर वरून पाचवं पूर्ण उघडलेलं पान घे, नेहमी तेच. एकाच झाडावर खालच्या आणि वरच्या पानांत जोड्या वेगळ्या असतात, त्यामुळं मनाला येईल ते पान तोडलं तर आकडे कशाशीच जुळत नाहीत. आणि काम सकाळी करायचं. तू संध्याकाळी गेलीस तर पर्णिका मिटलेल्या असतील आणि मोजताना दोन-दोन चिकटून एक धरली जाईल. माझ्या वहीत अशी दोन पानं खोडलेली आहेत.

पहिली कळी प्रत्येक झाडाला कुठल्या तारखेला आली ते लिही. तुझं सत्र जूनमध्ये सुरू होत असेल तर पेरणी लांबवू नको. जुलैअखेर पेरलंस तर दिवस लहान होत गेल्यामुळं रोस्ट्राटा लवकर फुलेल आणि तुला वाटेल ती मुळातच बुटकी जात आहे. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर पेरणीची तारीख ठळक लिही, वाचणाऱ्याला त्यावरूनच निम्मं कळतं.

बी हवं असेल तर मासिकाच्या पत्त्यावर स्वतःचं नाव-पत्ता लिहिलेलं पाकीट पाठव. धैंच्याच्या दोन्ही तऱ्हांचं, काटेरी आणि बिनकाट्याचं, मी वेगवेगळ्या पुड्या करून देईन. शेवरीचं आणि रोस्ट्राटाचंही आहे. हादग्याच्या शेंगा अजून हिरव्या आहेत, त्या वाळायला महिनाभर लागेल.